सुपातला युवराज

राजघराण्यातल्या मुलाचं नाव हे नुसतं नाव नसतं; तो वंशानं काळाला दिलेला शब्द असतो. ते नाण्यावर उठतं, दगडात कोरलं जातं, आणि शेकडो वर्षांनी एखादा अभ्यासक त्या दगडावरची माती पुसतो तेव्हा एक सबंध युग त्याच्याकडे बघून डोळे उघडतं. जगदेवराव राजे यांना मुलगा होऊन दहाबारा दिवस झाले होते त्या माघातल्या सकाळी देशमुख वकिलाच्या मनात हा विचार जवळजवळ याच शब्दांत आला. त्या वेळी तो वाशीमच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली उभा राहून काळ्या कोटावरचा कापूस झटकत होता. जिनिंग सुरू झालं की कापसाचे तंतू सगळ्या गावावर उडत आणि वकिलांवर जास्त दिसत. जगदेवरावांना नाणी पाडण्याचा अधिकार कधीच नव्हता. साडेचार गावं होती, ती दोन वर्षांपूर्वी सरकारनं काढून घेतली. (अर्धं गाव कसं, याचा दावा अजून चालू होता आणि तो देशमुख वकिलाकडेच होता.) राजवाडा म्हणाल तर बाजाराच्या रस्त्यावर एका तेलघाण्याच्या माडीवरच्या तीन खोल्या. बाळंतपणाला डॉक्टरीणबाई जवळ असावी म्हणून त्या भाड्यानं घेतल्या होत्या. आधीचे दोन राजपुत्र गावाकडे, डॉक्टरीणबाईंपासून लांब, जन्मले होते आणि महिन्याच्या आत गेले होते.

"उकंडराव!" आवाराच्या पार त्या टोकाकडून, टांगे उभे राहतात तिथून, कुणी तरी हाक मारली. त्याचा हात कोटावर होता तिथेच राहिला. हाक कानाला ऐकू येण्याआधी दातांना ऐकू आली असं त्याला वाटलं. कैरी चावल्यावर वाटतं तसं. वाशीममध्ये या नावानं त्याला कुणी ओळखत नव्हतं. पाटीवर यू. बी. देशमुख होतं, वकीलपत्रावर तेच होतं, आणि लोकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे त्यातून उत्तमराव, उमाकांत, उदयराव असं काय काय काढलं होतं. बारमधले एक म्हातारे वकील तर त्याला सरळ उद्धवराव म्हणत आणि तोही त्यांच्यापुरता गेली कित्येक वर्षं उद्धवराव होता. वऱ्हाडात उकंडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. घराच्या मागं शेण, राख, केरकचरा टाकतात ती जागा. तिच्यावरून माणसाचं नाव का ठेवतात हेही सांगावं लागत नाही, आणि हीच अडचण होती. ते नाव उच्चारलं की ऐकणाऱ्याला एका क्षणात सगळी कहाणी कळे: याच्या आईची मुलं जगत नव्हती.

हाक मारणारे बबनराव होते, जगदेवरावांचे कारभारी. केनवडचे. म्हणजे त्याच्याच गावचे, त्याच्या वडिलांच्या ओसरीवर तंबाखू मळलेले, त्यांना यू. बी. माहीत असायचं काही कारण नव्हतं. ते धोतराचा सोगा सावरत आले आणि सगळ्या पक्षकारांच्या, बेलिफाच्या, दोन टांगेवाल्यांच्या समोर म्हणाले, "काय उकंडराव, बहिरे झाले का जी? केव्हाचा आवाज देऊन राह्यलो." तो म्हणाला, "बबनकाका, जरा हळू." "हळू कायले? चांगली बातमी हाये. राजेसाहेबानं बलावलं तुमाले. लेकराचं नाव ठेवाचं हाये." "त्याला शास्त्री आहेत की." "शास्त्री आला होता. अक्षर देऊन, लाडू खाऊन गेला. पन आत्यासाहेब म्हन्ते का वकीलच पाह्यजे. दुसरं कोनी चालतच नाई म्हन्ते." बेलिफ त्याच्याकडे बघत होता. त्या बघण्यात चेष्टा नव्हती. नवीन माहिती मिळाल्यावर माणूस बघतो तसं ते बघणं होतं. "कोनतं अक्षर निघालं?" टांगेवाल्यानं उगाच विचारलं. "तुह्या घोड्याचं नाव ठेवाचं हाये का?" बबनराव म्हणाले, आणि सगळे हसले, आणि त्या हसण्यात त्याचंही हसणं होतं, कारण ते त्याला हसणं नव्हतं.

दुसरं कोणी चालतच नाही. हे वाक्य घेऊन तो दिवसभर कोर्टात बसला. बैल शेतात घुसल्याचा दावा होता, साक्षीदार बैलाचा रंग सांगत होता आणि त्याच्या डोक्यात एकामागून एक नावं येऊन उभी राहत होती, अंगरखे घालून, तलवारीच्या मुठीवर हात ठेवून. यशोवर्धन. चंद्रकेतू. इंद्रसेन. अमरावतीला कॉलेजात त्यानं संस्कृत घेतलं होतं ते वकिलीत कुठंच लागलं नव्हतं. आता इतक्या वर्षांनी कुणाला तरी त्याची गरज पडली होती. चंद्रकेतू जरा नाटकातला वाटत होता. यशोवर्धन बरं होतं. ते म्हणताना छाती आपोआप पुढं येई, त्यानं ते ओठ न हलवता दोनचारदा म्हणून पाहिलं आणि न्यायाधीशांनी, "देशमुख, काही म्हणायचंय का?" असं विचारलं. कॉलेजात पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्राध्यापकांनी त्याचं नाव वाचलं होतं, मग थांबून, चष्मा वर करून पुन्हा एकदा वाचलं होतं. छापखान्याची चूक असावी असा त्यांचा सूर होता. सगळी बाकं एकदम वळली. वऱ्हाडातली मुलं हसली नाहीत, ती ओशाळली. हसला तो पुण्याकडून आलेला शेजारचा मुलगा, आणि तोही वाईट नव्हता, त्यानं नंतर अर्थ विचारला आणि अर्थ कळल्यावर त्याला स्वतःच्या डब्यातली चिवड्याची पुडी दिली. त्या चिवड्याची चव अजून आठवे. कुणी आपली दया करत असताना तोंडात काय होतं ते सांगायला भाषेत शब्द नाही; फोडणीत हिंग जास्त झालेला असावा असं काहीसं होतं.

आणि त्याच्याही आधीचं, जे आठवणं शक्यच नव्हतं, ते त्याला सर्वांत जास्त आठवे. आईनं इतक्यांदा सांगितलं होतं की ऐकलेलं आणि अंगावर घडलेलं एक होऊन गेलं होतं. त्याच्या आधीचे तिघं भाऊ गेले. तो झाला तेव्हा कोणी पेढे वाटले नाहीत, थाळी वाजवली नाही. पाचव्या दिवशी सकाळी सुईणीनं त्याला सुपात घातलं आणि घरामागच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. या लेकराची इथं कुणाला पर्वा नाही, हे जे कोणी मुलं नेतं त्याला दिसावं म्हणून. थंडीच्या सकाळी उकंडा आतून धुमसत असतो, त्याच्यातून वाफ निघते. त्या वाफेची ऊब पाठीला लागल्याचं त्याला आठवे, आणि हे खोटं आहे हे माहीत असूनही थंडीत घराघरांच्या मागून जाताना तो पाऊल हळू करी. मग केनवडच्या बाजाराला आलेल्या एका लमाण बाईला बोलावलं. तिनं सूपभर कोंडा देऊन त्याला विकत घेतला. मग पोर तिचं. आईबापांनी ते फक्त तिच्या वतीनं सांभाळायचं. नावही घेणारीनंच ठेवायचं, कारण माल तिचा. तिनं आजूबाजूला पाहिलं असेल आणि जे दिसलं ते सांगितलं असेल. ती पुढच्या बाजाराला आली का, तिला आपण विकत घेतलेल्या मुलाचं पुढं काय झालं हे कळलं का, हे कुणीच सांगितलं नाही. त्याच दिवशी, यमाची नजर चुकावी म्हणून, उजव्या नाकपुडीला टोचलेलं भोक पुढं बुजून गेलं होतं. विचार करताना त्याचं बोट तिथं जाई आणि बारमध्ये लोकांना वाटे देशमुख वकील युक्तिवाद जुळवतोय.

लग्नात एक प्रसंग आला होता. नवरीनं उखाण्यात नाव घ्यायचं. मांडवातल्या बायका अडून बसल्या. रुखमानं खाली मान घालून कुठल्याशा फुलाचं आणि वेलीचं यमक जुळवत आणलं आणि शेवटी, जिथं ते नाव यायचं, तिथं ती थांबली, आणि म्हणाली, "वकीलसाहेब". बायका म्हणाल्या हे काही नाव नव्हे. ती म्हणाली, "मले त हेच सांगतलं." त्यानंतर तिनं त्याला नावानं हाक मारायचा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा कुठलीच बायको मारत नसे. जगातल्या सर्व रूढींपैकी ही एक रूढी त्याला मनापासून पटलेली होती. सुधारणेवर त्यानं दोन व्याख्यानं दिली होती. त्यांत या रूढीचा उल्लेख नव्हता.

राजवाड्याचा जिना तेलानं निसरडा झालेला होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक लमाण बाई बसली होती, हातात कोपरापर्यंत हाडाच्या बांगड्या, शेजारी जळणाची मोळी. तिनं त्याला वाट दिली नाही. तो तिच्या बाजूनं अंग चोरून वर गेला. खाली घाणा चालू होता, बैल फिरत होता, आणि लाकडाचा तो करकर आवाज जमिनीतून वर येऊन बसलेल्या माणसाच्या मांड्यांत शिरत होता. वर ओव्याची धुरी भरून राहिली होती. जगदेवराव गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळून कालचं वर्तमानपत्र वाचत होते. हा मनुष्य स्वभावानं इतका सभ्य होता की गावं गेल्यावर त्यांनी तलाठ्याला चहा पाजला होता. "या वकीलसाहेब," ते म्हणाले आणि उठून बसायला घोंगडी सरकवली. मधल्या दाराला अर्धवट पडदा होता, त्याच्याआड राणीसाहेब बाळ घेऊन बसल्या होत्या. पडद्याखालून फक्त शेगडीचा पाय आणि सुपाचा कोपरा दिसत होता. आत्यासाहेब, म्हणजे जगदेवरावांच्या थोरल्या बहीण तुळसाबाई, बाजेवर बसल्या होत्या. पोरगेलेपणीच विधवा होऊन त्या माहेरी आल्या होत्या आणि तेव्हापासून त्या घराचा मुलकी आणि फौजदारी कारभार त्यांच्याकडे होता.

त्यानं खाकरून सुरुवात केली. राजवंशाच्या नावामागं अर्थ असावा, उच्चार भारदस्त असावा, आणि शास्त्रीबुवांनी दिलेलं अक्षर— "ते मंग," आत्यासाहेब म्हणाल्या. "आधी उजेडात या." तो खिडकीजवळ सरकला. आत्यासाहेबांनी त्याच्याकडे बैलबाजारात बघतात तसं, घाई न करता, पाहिलं. "वय काय?" "सेहेचाळीस." "दमा हाये?" "नाही." "खोकला? रातीचा?" "नाही." "दात?" "आहेत." "किती लेकरं?" "तीन." "समदे हायेत?" "आहेत." "पाह्य बाई," आत्यासाहेब पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पाह्यलं का? याच्या मायनं तीन मातीत घातले. हा चौथा. उकंड्यावर घातला, उकंडा नाव ठेवलं, अन् हा बसला इथं कोट घालून. बी. ए. झाला, वकील झाला. अजून दात हायेत. तुही दोन काहून गेली? विक्रमसिंह अन् रनधीरसिंह! येवढाली नावं ठेवली का यमाले दुरूनच वाचता आली."

त्याला समजलं. ते एकदम समजलं नाही, जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त आहे असं वाटून पाऊल हवेत पडतं तसं समजलं. त्याला संस्कृतसाठी बोलावलं नव्हतं. साक्षीदार म्हणूनही बोलावलं नव्हतं. साक्षीदाराला निदान बोलावं लागतं. तो मुद्देमाल होता, चिठ्ठी बांधून कोर्टापुढं ठेवतात तसा. यशोवर्धन त्याच्या जिभेवर अजून तसाच उभा होता, अंगरखा घालून, कुठं बसावं हे न कळून. विलक्षण गोष्ट म्हणजे त्याला राग आला नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते आणि त्यांतला एक आपल्या गुडघ्यावर कधी टेकतो याकडे तो लक्ष देऊन पाहत राहिला.

"वकीलसाहेब," पडद्याआडून आवाज आला. राणीसाहेबांचं नाव अंजना. त्या अमरावतीला मॅट्रिकपर्यंत शिकल्या होत्या. आवाज थकलेला होता, पण शब्द सरळ होते. "मला माझ्या मुलाचं नाव असलं ठेवायचं नाही. वन्सं म्हणतात ठेवलं तर जगेल. तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा. त्या नावाचा तुम्हाला त्रास झाला का?" जगदेवरावांनी वर्तमानपत्राची घडी केली. आत्यासाहेब म्हणाल्या, "कायचा तरास? चांगला धडधाकट हाये." "मी त्यांना विचारलं," राणीसाहेब म्हणाल्या.

नावाचा कसला त्रास, असं तो म्हणणार होता. वाक्य तयार होतं, नाव हे एक चिन्ह मात्र असून वगैरे. तो म्हणाला, "नावाचा कसला त्रास—" "मग पाटीवर यू. बी. का लिहिलंय?" राणीसाहेबांनी विचारलं. "मी टांग्यातून येताना वाचलं." खाली घाणा करकरत होता. कोर्टात ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो साक्षीदाराला विचारू नये, हा त्याच्या धंद्याचा पहिला धडा. आणि इथं एका बाळंतिणीनं तो धडा न शिकताच विचारलेला प्रश्न त्याच्या अंगावर येऊन थांबला होता. हो म्हणावं, तर मुलाला चांगलं नाव मिळेल, आणि मग ते पोर गेलं तर? नाही म्हणावं, तर ते पोर सेहेचाळीस वर्षं जगेल आणि कुठल्या तरी आवारात उभं राहून, हाक आली की दात आंबवून घेईल. पडद्याआड बाळ कुरकुरलं. नुसता आवाज होता, त्याला अजून काहीही म्हणता आलं असतं.

"झाला," तो म्हणाला. "रोज झाला. अजून होतो." आत्यासाहेबांनी तोंड उघडलं तसा तो घाईनं पुढं बोलला, आणि बोलताना आपण काय बोलणार आहोत हे त्याला माहीत नव्हतं, असं कोर्टात त्याला कधी झालं नव्हतं. "माझ्या आधीच्या तिघांची नावं चांगली होती असं मी धरून चाललो. चांगलीच असणार. पण मला ती माहीत नाहीत. आईनं ती पुन्हा तोंडातून काढली नाहीत. घरात कुणीच काढली नाहीत. त्यांचा विषय निघाला की 'ते' म्हणायचे. ते असते तर, ते गेले तेव्हा. माझं नाव मात्र ती सारखी घ्यायची. विहिरीवरून, गोठ्यातून. काम नसताना. मी शेजारीच बसलेलो असलो तरी हाक मारायची, मी ओ दिली की म्हणायची, काही नाही." तो थांबला. "मी ओ द्यायचं एवढंच काम होतं." हे बोलून झाल्यावर त्याला आपली मिशी ओली झाल्यासारखी वाटली, हात लावून पाहिलं तर घाम होता.

मग पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या, "ठेवा मग. जे ठेवायचं ते ठेवा." आवाजात रडू नव्हतं, मामलेदार कचेरीत एखादी बाई अंगठा उठवून कागद परत सरकवते, तसा तो आवाज होता. आत्यासाहेब लगेच उठल्या. निकाल लागल्यावर त्या रेंगाळत नसत. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी हाक मारली, "हिरीबाई! ये व वर!"

ती पायरीवर बसलेली लमाण बाई वर आली. तिला इथं का बसवलं होतं ते आता त्याला कळलं. पाचव्या दिवशी सगळं रीतसर झालं होतं: घाण्यामागच्या उकंड्यावर सूप, सुपात युवराज, आणि घाणेवाल्याच्या घरी जळण घालायला आलेल्या हिरीबाईनं सूपभर कोंडा देऊन केलेली खरेदी. आता विकत घेणारीनं नाव ठेवायचं एवढं बाकी होतं. आत्यासाहेबांनी सगळं बारकाईनं केलं होतं, फक्त एक गोष्ट त्यांच्याकडून राहिली होती. ही खरेदी नावापुरती आहे, हे हिरीबाईला कुणी सांगितलं नव्हतं. घेतल्यापासून ती रोज येऊन आपलं लेकरू बघून जात होती आणि तेल नीट चोळत नाहीत म्हणून सुईणीशी एकदा भांडलीही होती.

"हिरीबाई, आता नाव घे. म्हन, उकंडा." हिरीबाईनं आधी आत्यासाहेबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग ती हसली. "काहून?" ती म्हणाली. "असं नाव कायले ठेवू माह्या लेकराले?" "अवं, तशी रीत हाये." "रीत तुमची. लेकरू माह्यं. कोंडा देऊन घेतलं मी, घरचा कोंडा व्हता, रस्त्यावरचा नाई. समदा तांडा इचारते, हिरी, पोराचं नाव काय? काय सांगू, उकंडा? हासतीन मले." "मंग काय ठेवतं?" आत्यासाहेबांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात, त्याच्या आठवणीत पहिल्यांदाच, थोडी भीती होती. हिरीबाईनं विचार केला नाही. तिचं ठरलेलं होतं. "तहसीलदार," ती म्हणाली.

जगदेवरावांनी घडी केलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. साडेचार गावं ज्याच्या सहीनं गेली तो तहसीलदारच होता. "तहसीलदार कायले व?" आत्यासाहेब कशाबशा म्हणाल्या. "त्याच्यावून मोठं कोन हाये? म्या पाह्यलं ना कचेरीत. तो एकटा खुर्चीवर बसते, समदे उभे. मोठमोठे पगडीवाले उभे. तुमी बी व्हते की," ती जगदेवरावांकडे वळून मोकळेपणानं म्हणाली, "खांबापाशी." "होतो," जगदेवराव म्हणाले. हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं. पडद्याआड राणीसाहेबांना आधी खोकला आला असं वाटलं. मग कळलं की त्या हसताहेत, तोंडावर पदर धरून, पोटात दुखतंय म्हणून मधेच थांबून, पुन्हा हसत.

आत्यासाहेब बाजेवर बसल्या. त्यांचं डोकं चालू होतं. "वकीलसाहेब, तहसीलदार म्हंजे नोकरच ना जी?" "सरकारी नोकर." "पगार घेते?" "दर महिन्याला." "बदली होते त्याची?" "होते. वरून हुकूम आला की जावं लागतं." आत्यासाहेबांनी निःश्वास टाकला. "आमच्या घरान्यात आजवर कोनी पगार घेतला नाई," त्या म्हणाल्या. "राजाच्या पोराले याच्यावून हलकं नाव काय ठेवाचं? यमाले काय, कोनाच्याबी बापाले वाटनार नाई का हे राजाचं हाये." आणि अशा रीतीनं, एकीला ते नाव जगातलं सर्वांत मोठं वाटलं म्हणून, दुसरीला सर्वांत हलकं वाटलं म्हणून, आणि तिसरीला हसू आलं म्हणून, ते एकमतानं ठरलं. त्याच्या साक्षीचा निकालात कुठंच उपयोग झाला नाही. जिना उतरताना हिरीबाई त्याच्या पुढं होती. तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि त्याला विचारलं, "तुमचं नाव काय जी?" त्यानं सांगितलं. "अवं माय," ती म्हणाली, आणि घाण्याकडे गेली.

घरी रुखमाबाई तुरीची डाळ पाखडत बसली होती. दिवस मावळायला आला होता, कोटावरचा कापूस त्यानं दारातच झटकला. "काय ठेवलं?" तिनं विचारलं. "तहसीलदार." "बरं हाये," ती म्हणाली आणि पाखडत राहिली. तो पाटावर बसला. चहा आला, तो त्यानं प्यायला, आणि मग, जणू चहातच काही सापडलं असावं तसा कपाकडे बघत तो म्हणाला, "आईनं तुला कधी त्या तिघांची नावं सांगितली होती का?" "हाव." तिनं इतक्या चटकन सांगितलं की त्याला आपण ऐकलं नाही असं वाटलं. "कधी?" "शेवटच्या दुखन्यात. पाय चेपून राह्यली होती मी. सांगतलं त्यायनं." "मला नाही बोललीस." "मले वाटे तुमाले माईत असंन." पलीकडच्या अंगणात कुणी तरी पाट्याला टाकी लावत होतं, टाकीचे घाव एका लयीत पडत होते. इतकी वर्षं त्यानं त्या तिघांना नावं दिली होती, बदलली होती, काढून घेतली होती. कधी ते प्रतापराव असत, कधी यशवंतराव. मोठा तर एकदा बरेच दिवस इंद्रसेन होता. आपल्या वाटची नावं घेऊन ते निघून गेले आणि आपल्याला उरलेलं मिळालं, असं त्याला वाटे. "काय होती?" त्यानं विचारलं. "तिघाचं एकच," रुखमाबाई म्हणाली. "बापूराव. तुमच्या आज्याचं. पयला गेला त दुसऱ्याले ठेवलं. दुसरा गेला त तिसऱ्याले. आज्याचं नाव चालवाचं होतं ना." तिनं सूप आपटलं, फोल उडालं, ती खडे निवडू लागली. "मंग चौथ्या बारीले त्यायची हिंमत झाली नाई," ती म्हणाली. त्याला काही तरी वाटायला हवं होतं. त्यानं थोडी वाट पाहिली. मग त्यानं रिकामा कप बशीत ठेवला आणि आज डाळीला हिंग कमी घाल असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, बरं.

तहसीलदार जगला. सुईणीनं तेल नीट चोळलं, डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या, हिरीबाई बाजाराच्या दिवशी येऊन त्याला उचलून वजन बघे. पाच वर्षं झाल्यावर आत्यासाहेबांनी तिला लुगडं-चोळी आणि सूपभर गहू देऊन मुलगा रीतसर परत घेतला. देताना ती रडली आणि गहू किडका आहे म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात त्याला नगरपालिकेच्या शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा जगदेवरावांनी देशमुख वकिलाला बरोबर घेतलं. सरकारी ठिकाणी एकटं जायची त्यांची सवय मोडली होती. हेडमास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "मुलाचं नाव?" जगदेवरावांनी आढ्याकडे पाहिलं. मुलगा टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून शाईत पडलेली माशी बघत होता. "वकीलसाहेब सांगतील," जगदेवराव म्हणाले. क्षणभर सगळी नावं त्याच्याकडे धावत आली, यशोवर्धन सर्वांत पुढं. कुणाची हरकत नव्हती. आत्यासाहेब घरी होत्या आणि यमाचा हक्क संपला होता. तो मुलाकडे बघत राहिला. मुलाचे कान मोठे होते, वडिलांसारखे. या कानांना रोज सकाळी काय ऐकू यावं, आणि ते ऐकून कुणीही, एकाही बाकावरून, मान वळवून बघू नये, एवढाच विचार त्याच्या मनात होता, आणि तो विचार राजघराण्याच्या इतिहासात बसणारा नव्हता.

"अरुण," तो म्हणाला.

हेडमास्तरांनी लिहिलं. त्या वर्गात आणखी चार अरुण होते.